चार इनपुटांची डबी

३ मार्च, मंगळवार

प्लास्टर ओतून झालं. ते घट्ट होईपर्यंत चाळीस मिनिटं मला कोणी हाक मारणार नाही, म्हणून ही वही. माझा धंदा कवळ्यांचा. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, मी त्यांचे साचे करतो, मेणात एकेक दात बसवतो आणि मग कधीही न पाहिलेली माणसं माझ्या दातांनी हसतात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं मात्र त्यावरच भरलं. घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली माझं टेबल आहे. दुपारी इथला उजेड पांढरा होतो, प्लास्टरची धूळ त्यात तरंगत राहते, खाली बसायचं मनावर घेत नाही, आणि मला वाटतं की आपण पाण्याखाली बसून काम करतो आहोत. असं वाटलं की त्या दिवशी काम चांगलं होतं.

रविवारी ठरलं ते आधी लिहितो. धाकटीला परगावी नोकरी लागली, तीस तारखेला ती जाणार. आमच्या घरात गेली पंधरा वर्षं दर रविवारी सकाळी गाणं होतं. दुसऱ्या कोणाचं नाही, आमचंच. शब्द हिचे, चाली माझ्या. ही गाते, मी गिटार वाजवतो, धाकटी व्हायोलिन. पंधरा वर्षांत पाच गाणी झाली. कोणी मागे लागलेलं नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती. आता धाकटी गेली की ती पाचही हवेत विरतील. तेव्हा ती नीट रेकॉर्ड करायची, फोन टेबलावर ठेवून नाही, व्यवस्थित.

थोरला बेस गिटार वाजवायचा. गेल्या एप्रिलपासून तो इथे नसतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहतो. कामावरून आमची बोलाचाली झाली. बापलेकांत होते. त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच ही वही उघडली आहे.

तर, माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक डबी लागते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. जितकी इनपुटं, म्हणजे जितकी भोकं, तितके आवाज वेगवेगळे पकडता येतात. धाकटी म्हणाली दोनची पुरे, आईला एक माईक आणि आपल्या दोघांच्या मध्ये एक. मी म्हणालो चार हवीत. ती म्हणाली, आपण तिघं आहोत. मी म्हणालो, घरात कप काय तीनच ठेवतो का आपण. ही तेव्हा ग्रंथालयात न्यायच्या पुस्तकांना कागद चढवत बसली होती. तिच्या कात्रीचा आवाज थांबला. बहुधा कागद संपला असावा.

५ मार्च, गुरुवार

वाद्यांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे. खालून जड गाडी गेली की भिंतीवरच्या सगळ्या गिटारी एकदम हलकेच गुणगुणतात. मी नुसता उभा राहून तीन गाड्या ऐकल्या. चौथ्या गाडीला काउंटरवरच्या मुलीने काय हवंय म्हणून विचारलं. कानामागे पेन्सिल, बोलणं सावकाश. परवडेल अशी आणि चार इनपुटांची, एवढं मी पाठ करून गेलो होतो.

तिने पहिली डबी दाखवली, तिच्यावर ठळक चार लिहिलेलं. मी खूश झालो तर ती म्हणाली, थांबा. पुढची दोनच भोकं माईकची. मागच्या दोन भोकांत कीबोर्डसारखं वाद्य लागतं, ज्याचा आवाज आधीच मोठा असतो. माईकचा आवाज बारीक, त्याला आतून उचलून घ्यावं लागतं, आणि ते उचलणारं मागे काही बसवलेलंच नसतं. म्हणजे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. हे मी बोलून दाखवलं, ती हसली, आणि मग मी माझा धंदा सांगितल्यावर आणखी हसली.

माझी अट मी नीट सांगितली. तीन माईक लागतील, आणि एक भोक असं हवं ज्यात बेस गिटार थेट खुपसता येईल. तिने लिहून घेतलं आणि विचारलं की बेस कोण वाजवतं. मी म्हणालो, सध्या कोणी नाही. तिने वर पाहिलं. मग तीन माईकवाल्याही स्वस्त डब्या आहेत असं काहीतरी ती म्हणत होती, पण मला त्यांत रस नव्हता.

६ मार्च, शुक्रवार

दुपारी टेबलावरच डोळा लागला. फळीवरच्या कवळ्या तोंड उघडून गात होत्या. मी एकेकीला केबल जोडत चाललो होतो. तिघींना जोडली, खट् खट् खट्. चौथीला दातखिळी बसलेली. मी तिला म्हणत होतो, आ कर, आ कर बघू, लहान मुलाला म्हणावं तसं. जागा झालो तेव्हा हातातलं मेण बोटांना चिकटून गार झालं होतं. स्वप्नांना काही अर्थ नसतो, जास्त जेवण झालं होतं.

८ मार्च, रविवार

सराव. पाच गाणी एकामागून एक. सकाळी नऊला पुढच्या खोलीत ऊन बरोबर सतरंजीच्या काठाशी येतं आणि आम्ही सुरू करतो, घड्याळ कोणी बघत नाही. हिने सगळं आवरलं, कोपऱ्यातलं उंच स्टूलही पुसलं. त्यावर कोणी बसत नाही, मी म्हणालो. ती म्हणाली, धूळ बसते ना.

आमचं सगळ्यात जमलेलं गाणं म्हणजे ‘जिना’. आपल्याच घरापर्यंत चढून येणाऱ्या माणसाचं गाणं आहे, प्रत्येक पायरीवर त्याला काहीतरी आठवतं. दुसरं कडवं संपलं की सगळे गप्प व्हायचे आणि बेस एकटा आठ मात्रा खाली उतरून यायचा, पायरी पायरी करत, आणि तो खाली पोचला की आम्ही तिसरं कडवं उचलायचो. तो तुकडा थोरल्याने बसवला होता, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आता तो तुकडा नाही. गेल्या एप्रिलमध्येच मी सांगून टाकलं की सरळ तिसऱ्या कडव्यावर जायचं. तसंच जातो. काही बिघडलेलं नाही.

१० मार्च, मंगळवार

धाकटीचं मला कौतुक वाटतं. कालपर्यंत तिला पंख्याची वायर आणि माईकची वायर सारखीच होती. आज जेवताना म्हणाली, ‘बाबा, त्या चारही माईकना एकदम वीज देते का डबी, ते विचारा. काही डब्या दोनच माईकना देतात. आणि कॉम्प्युटरच्या विजेवर चालणारी नको, वेगळा अडॅप्टर असलेली घ्या.’ मी विचारलं आपलाच आवाज कानात उशिरा येतो म्हणतात त्याचं काय. तिने फोनवर काहीतरी टाइप केलं, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग घडाघडा सांगितलं की डबीवरच एक बटण असतं, त्याने आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येतो. शेवटी एका डबीचा नंबरच दिला. चारही भोकांत माईकही चालतो आणि बेसही, पैसेही फार नाहीत. हल्लीच्या मुलांना सगळं माहीत असतं.

ही आमटी वाढता वाढता म्हणाली, विचार त्याला तो जेवतो का वेळेवर. मी म्हटलं कोणाला? म्हणाली, काही नाही, तुम्हाला भात वाढू का.

११ मार्च, बुधवार

नवीनच कशाला, म्हणून एका ड्रमवाल्या गृहस्थांकडे जुनी डबी पाहून आलो. आठ इनपुटांची, लोखंडी, उचलताना कंबर धरावी अशी. पण तिच्या केबलचं तोंड आजकालच्या कुठल्याच कॉम्प्युटरला बसत नाही. दात आहेत तर चणे नाहीत. त्यांनाही ते ठाऊक होतं, तरी जाहिरात दिली होती. कोणीतरी येऊन बघतं, म्हणाले.

प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टी आणि तिच्यावर एकेका वादकाचं नाव. सात नावं पार फिकट झालेली. एकच ठळक होतं. मी बोट ठेवल्यावर ते म्हणाले, हा सगळ्यांच्या आधी सोडून गेला, भांडून. पुसत चाललं की मी पुन्हा लिहितो. चहा घेतला आणि निघालो. बसमध्ये खिडकीशी बसून घरापर्यंत आलो ते कुठल्या रस्त्याने, हे मला आता सांगता येणार नाही.

१४ मार्च, शनिवार

धाकटीने सांगितलेलीच डबी घेतली. सात दिवसांत परत करता येते. तळहाताहून थोडी मोठी, राखाडी, पुढे चार भोकं, प्रत्येकाखाली एक बटण आणि एक बारीक दिवा.

आज दुपारी घरात मी आणि ही दोघंच. तीन माईक लावले, हेडफोन घातला, बटण हळूहळू फिरवलं आणि घर जवळ आलं. आधी फ्रीज. मग मोरीतला नळ, एक थेंब, मोठी विश्रांती, दुसरा थेंब. खिडकीच्या गजावर कोणी चोच घासत होतं. आतल्या खोलीत ही पुस्तकाचं पान उलटत होती आणि पान उलटण्याआधी ती अंगठा कागदावर थोडा फिरवते, हे मला तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मग ती स्वतःशीच ‘जिना’ पुटपुटू लागली. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे, उन्हाचा पट्टा सतरंजी ओलांडून भिंतीवर गेला होता.

तीन दिवे हिरवे लागतात. चौथ्याला काही जोडलेलंच नाही, म्हणून तो लागत नाही. हे मला समजतं. तरी दोनदा तपासून पाहिला.

१५ मार्च, रविवार

सकाळी पाचही गाणी झाली. ‘जिना’ तर असा झाला की संपल्यावर कोणी हललं नाही. धाकटीने व्हायोलिनचा गज मांडीवर ठेवला आणि हिने डोळे पुसले, घाम होता म्हणाली. मग ऐकायला बसलो.

डबी सदोष निघाली. दुसऱ्या कडव्यानंतर आवाज गायब. एकाचा नाही, तिघांचा. पडद्यावर तिन्ही रेघा सपाट, सहा-सात सेकंद, आणि मग तिन्ही एकाच क्षणी परत. मी केबली काढून पुसल्या, पुन्हा लावल्या, ‘जिना’ पुन्हा वाजवला. पुन्हा त्याच जागी तेच. दोनदा एकाच ठिकाणी म्हणजे बिघाड पक्का. यंत्रावर माझा विश्वास कधीच नव्हता. हाताने केलेलं काम चुकतं, पण असं बेमालूम गिळून टाकत नाही.

उद्याच परत करतो म्हणालो तर धाकटी म्हणाली, ‘बाबा, राहू दे ना ते.’ राहू दे कसं? हिला सांगायला स्वयंपाकघरात गेलो तर ती नळ सोडून उभी होती. भांडं एकही नव्हतं खाली.

१६ मार्च, सोमवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी डबी काउंटरवर ठेवली आणि आवाज चढवूनच बोललो. मुलीने ऐकून घेतलं, माझ्या लॅपटॉपवर ते गाणं लावलं आणि सपाट जागा आली तशी थांबवली. मग तिने ती रेघ मोठी केली, आणखी मोठी केली. रेघ सपाट नव्हती. तिच्यावर बारीक काटे होते. तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेवला आणि आवाज वाढवला.

खुर्ची कुरकुरली. कोणीतरी नाकाने सावकाश श्वास घेतला, ही गाण्याआधी घेते तसा. धाकटीचा पाय जमिनीवर हलकेच पडत होता, एक, दोन, तीन. आणि अगदी जवळ काहीतरी घासल्याचा आवाज, तो ओळखायला मला वेळ लागला. माझा अंगठा गिटारीच्या लाकडावर फिरत होता.

‘काका,’ ती म्हणाली, ‘डबी चालू आहे. तुम्ही सगळे थांबलाय.’

मी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

‘इथे कोणाचं वाजवायचं राहिलंय का?’

मी म्हणालो, बेसचं. तिने लॅपटॉप मिटला. डबी खोक्यात घातली, केबलींना नीट गुंडाळी दिली, आणि जिन्यापर्यंत स्वतः आणून दिली. घरी चालत आलो. पाय मोजत होते, मी मोजत नव्हतो. आठ झाले की पुन्हा एकपासून.

१७ मार्च, मंगळवार

आज प्लास्टर ओतलेलं नाही. नुसताच बसलो आहे.

लिहायचं नाही ठरवलं होतं ते लिहितो. गेल्या एप्रिलमध्ये, असंच रविवारचं गाणं चालू असताना, थोरला म्हणाला की त्याने दुसरीकडे काम धरलं आहे. तिथे दात कॉम्प्युटरवर आखतात आणि यंत्र ते कोरून काढतं. बाबा, एकदा येऊन बघा, म्हणाला. सहा वर्षं तो माझ्या शेजारी याच टेबलावर बसला होता. मी गिटार मांडीवर तशीच ठेवून, त्याच्या आईदेखत, बहिणीदेखत म्हणालो, ‘जा. तुझ्यावाचून इथे काही अडत नाही.’ त्याने बेस पिशवीत घातला आणि चेन लावली. ती पिशवी लांब असते, चेन लागायला वेळ लागतो. मी तेवढ्या वेळात बोललो असतो तरी चाललं असतं.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. दात पडला की शेजारचे दात त्या जागेत कलायला लागतात. वर्षभरात जागा निम्मी होते, मग तिथे नवा बसवायला गेलं तर मावत नाही. म्हणून जागा राखावी लागते. मी हजारो जबडे पाहिले, माणूस काय सांगतो याच्याकडे मी लक्ष देत नाही, जागा बघतो. अकरा महिने आम्ही दर रविवारी तिसऱ्या कडव्यावर ‘सरळ’ जात होतो. आणि जागा आठच्या आठ मात्रा तशीच आहे. केसभरही कमी नाही. मला बेस कानात वाजताना ऐकू येत होता म्हणून मला शांतता ऐकू आली नाही.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी हिला विचारलं, तुझ्या लक्षात आलं होतं का. ती म्हणाली, पहिल्याच रविवारी. मग बोलली का नाहीस?

‘बोलले असते तर तुम्ही ती जागा बुजवली असती.’

खरं आहे. मी बुजवली असती. मला फार वाईट वाटलं, आणि मी तिचं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

१९ मार्च, गुरुवार

दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवला. शेवटी दुपारी सरळ त्याच्या कामाच्या जागी गेलो. पांढऱ्या भिंती, धूळ नावाला नाही, मेणाचा वास नाही. काचेआड यंत्र होतं, आत पाण्याची बारीक धार, आणि एका ठोकळ्यातून दात हळूहळू वर येत होता. स्वप्नात दिसावं तसं, कोणाचाही हात न लागता. थोरला बाजूला उभा होता. केस कापले आहेत त्याने. मला पाहून त्याने आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्याने धुऊन तो दात माझ्या हातावर ठेवला. मी खिडकीशी नेऊन पाहिला. चघळायच्या बाजूला उंचवटा जरा जास्त होता. पण दात चांगला होता. माझ्यापेक्षा वाईट नव्हता. हे वाक्य लिहायला मला प्लास्टर घट्ट होण्याइतका वेळ लागला.

काय बोलायचं ते बसमध्ये जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हणालो, ‘त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. हे ऐक.’ आणि फोन त्याच्या पुढे केला.

त्याने कानात घालून ऐकलं. पूर्ण ऐकलं. मग मागे जाऊन ती जागा पुन्हा ऐकली, आणि पुन्हा. तो यंत्राकडे तोंड करून उभा होता, त्यामुळे मला चेहरा दिसला नाही. तेवढ्या वेळात यंत्राने दुसरा दात कोरायला घेतला होता. मी विचारलं, रविवारी येतोस का. म्हणाला, बघतो, रविवारी माझी पाळी असते. ‘पाळी’ म्हणताना आवाज घोगरा आला, एसी फार थंड आहे तिथला.

निघताना तो म्हणाला की चौथ्या भोकात बेस लावायचा असेल तर शेजारची बारीक कळ दाबावी लागते, नाहीतर आवाज पातळ येतो. डबीला चार भोकं आहेत हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सगळ्या सारख्याच असतात वाटतं.

२१ मार्च, शनिवार

डबी परत करायचा शेवटचा दिवस. केली नाही.

२२ मार्च, रविवार

नऊ वाजले. ऊन सतरंजीच्या काठाशी आलं आणि पुढे सरकलं. आम्ही तिघंही वाद्यं जुळवायच्या निमित्ताने बसून होतो. ही एकदा खिडकीशी जाऊन आली, मग पुन्हा गेली. साडेनवाला मी म्हणालो, करूया सुरू. ही म्हणाली, सूर लागला नाही अजून. मी तिला ओळखतो, तिचा सूर कधीच लागलेला असतो.

दहाला दार वाजलं. तो उभा होता, पाठीवर लांब पिशवी. हिने त्याच्या दंडाला हात लावला आणि वाळलास म्हणाली, तो म्हणाला नाही ग. धाकटीने केबल त्याच्या हातात दिली, जणू पाणीच दिलं. त्याने चौथ्या भोकात ती लावली, न बघता कळ दाबली, बटण थोडं फिरवलं. दिवा हिरवा झाला. स्टुलावर बसला.

पहिली चार गाणी बरी झाली. तो जरा जपून वाजवत होता, मीही. मग ‘जिना’. पहिलं कडवं, दुसरं कडवं. आम्ही तिघं थांबलो.

आणि बेस वाजला नाही.

मी मान वर केली. तो आमच्याकडे बघत होता. आईकडे, तिचे डोळे मिटलेले. बहिणीच्या पायाकडे. माझ्या अंगठ्याकडे. मला वाटलं तो विसरला. नंतर वाटलं की नाही, तो आता उठून जाणार आणि ते बरोबरच होईल, मी काय तोंडाने अडवणार. आठ मात्रा एवढ्या लांब असतात हे मला आजवर माहीत नव्हतं. आठवी संपली तरी आम्ही तिघांपैकी कोणीच तिसरं कडवं उचललं नाही.

शेवटी हिने डोळे उघडले. ‘काय रे?’

‘फोनवर ऐकलं होतं,’ तो म्हणाला. ‘तुम्ही थांबता तेव्हा कसे दिसता ते बघायचं होतं.’

‘बघितलंस?’

‘हो.’

‘मग वाजव आता.’

पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि या वेळी तो उतरला, आठही पायऱ्या, सहाव्या पायरीला थोडा घसरला तरी. मग जेवण झालं. तो आणि धाकटी गच्चीवर गेले, ही आडवी झाली. मी एकटाच लॅपटॉपसमोर बसलो. पुसून टाकायचं म्हणून आजचं पहिलं, फसलेलं रेकॉर्डिंग उघडलं. आमच्या तीन रेघा त्या जागी सपाट. चौथी, त्याची, मात्र सपाट नव्हती. मी ती मोठी केली, दुकानातल्या मुलीने केली होती तशी, आणि हेडफोन लावला. सूर एकही नाही. नुसती तारांची बारीक, सलग थरथर, आठ मात्रा आणि त्याच्याही पुढे. तो तिथे आमच्याकडे बघत शांत बसला होता असं मी समजत होतो. त्याची बोटं तारांवर टेकलेली होती आणि हात कापत होता.

मी ते पुसलं नाही. गच्चीवर जाऊन त्यांच्यात बसलो.